उंदरांच्या नावावर

मंगळवार, संध्याकाळ

मी कामाला आहे त्या दूध संकलन केंद्रातल्या जनरेटरची बॅटरी सकाळी काढून माझ्या ट्रॅक्टरला लावली. दुपारी परत बसवली, पण वायर नुसती अडकवली. पाना घरीच राहिला होता. मग लाईट गेली, दुधाच्या टाकीचं कूलिंग थांबलं. जनरेटर चालू होईना. मी डिझेल बघतोय, फिल्टर बघतोय! वायर आठवली तोवर टाकीतलं दूध नासलं.

मॅनेजर तात्यांना म्हणालो, "उंदरांनी वायर कुरतडली."

त्यांनी वायर बघितलीसुद्धा नाही. "व्हय, लई झालेत," म्हणत घरचा पिंजरा आणून दिला. "तूच लाव. तुझ्यावाणी ध्यान कुनाचं न्हाय."

लावला. आत भजं अडकवलं. वायर आता पान्यानं घट्ट केलीय. पण उद्या खरंच एखादा उंदीर सापडला, तर त्याच्याकडं बघू कसा?