दोन फाटकांमधली कुत्री

३ नोव्हेंबर, सोमवार

शकुंतलाबाईंनी पैसे द्यायला नकार दिला. तोंडावर. त्यांच्या फाटकात उभं ठेवून.

तीन हजार एकशे चाळीस झाले. तपासणी, एक्स-रे, रक्त, गोळ्या. पावती हातात घेऊनच गेले होते. पूर्ण नाही, अर्धे मागितले. पर्ल दोन्ही घरची आहे — सकाळी माझ्याकडे दूधपोळी, संध्याकाळी त्यांच्याकडे भात, आणि दुपारभर दोन फाटकांच्या मधल्या सावलीत झोप. नऊ वर्षं असंच. लसीचे पैसे दर वर्षी निम्मे-निम्मे, कधी शब्दसुद्धा काढावा लागला नाही.

"मले इचारलं का डॉक्टर पाह्यताना?" म्हणाल्या. "तुमी एकट्याच गेल्या. मंग तुमीच देजा."

मी म्हटलं, मागचा पाय ओढत चालते ती, किती दिवस बघत बसायचं?

"आंजीले सरकारी डॉक्टर हाये. आमचे बैल त्याच्याच हातचे. दहा रुपयात कागद फाडते. पण तो इंग्रजी बोलत नाई ना, मॅडम! ढवळीले काय इंग्रजी समजते?"

मागे दुकानात बबनराव, त्यांचे यजमान, साखरेचं पोतं उतरवत होते. ते हसले. ते हसणं जास्त लागलं.

पर्लला ढवळी म्हणे. गाईचं नाव!

आणि 'मॅडम'. कालपर्यंत मी लीनाताई होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहिते आहे.

डॉक्टर काही मी डोळे मिटून निवडला नाही. आधी तिघांची चौकशी केली. एक फोनवरच औषध सांगायला लागले, कुत्रीकडे न बघता. ते बाद. दुसरे फक्त संध्याकाळी येतात आणि फाटकाबाहेरूनच टोचतात. आंजीच्या दवाखान्यात मी मागे एकदा डोकावले होते. लोखंडी खोड्यात बैल बांधलेला, चार माणसं शेपटी धरून, खाली सगळीकडे शेण. तिथे पर्लला नेऊ?

डॉ. सुमीत यांच्याकडे शिरले आणि वास आला — तोच, आमच्या शाळेतल्या आजारी खोलीतला. रबराची चादर, पांढरी वाटी, स्पिरिटचा बोळा. सिस्टर हात धरायच्या आणि म्हणायच्या, ब्रेव्ह गर्ल. गुडघा फुटला तरी मी कधी रडले नाही, त्या दोन शब्दांसाठी. डॉ. सुमीत पर्लच्या कानामागे खाजवत म्हणाले, "गुड गर्ल, गुड गर्ल." तिथेच माझं ठरलं. हे शकुंतलाबाईंना काय सांगणार? त्या म्हणतील, वासाचे तीन हजार दिले.

खुब्याचा सांधा झिजलाय. रोज एक गोळी, पोटभर खाऊन झाल्यावर. पंधरा दिवस. दोनदा बजावलं त्यांनी — गोळी कडक आहे, पोटावर जाते, हिच्याबरोबर दुखण्याचं दुसरं काहीही द्यायचं नाही.

५ नोव्हेंबर

शकुंतलाबाई सकाळी रांगोळी काढत होत्या. मी गेल्यावर पाठ फिरवली. ठीक आहे. मलाही पाठ आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वेदश्रीचा पुण्याहून फोन. "आई, दीड हजारासाठी अबोला? मी पाठवते ना पैसे."

दीड हजारासाठी नाही, हे मुलीला कसं समजवायचं? हे गेले तेव्हा तेरा दिवस त्या घरून डबा येत होता. माझं कुंकू पुसायला बायका पुढे झाल्या, तेव्हा शकुंतलाबाईंनीच त्यांना दारातून परत पाठवलं. "ज्याचं त्याले कळते, जा तुमी," म्हणाल्या. ते मी विसरलेले नाही. विसरले असते तर राग इतका आला नसता. परक्या माणसाने नाही म्हटलं तर काय वाटतं? काही नाही.

पर्ल आज बरी चालली. तीन दिवसांत फरक! म्हणजे माझा डॉक्टर बरोबर होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

पर्ल दुपारी जागेवर नव्हती. तीन वाजता बबनरावांच्या मालाच्या गाडीतून उतरली. शकुंतलाबाईंनी तिला उचलून खाली ठेवलं आणि माझ्या खिडकीकडे बघून मोठ्याने बबनरावांना म्हणाल्या, "पाह्यलं का, दहा रुपयात काम झालं. फोटो नाई, बिटो नाई. हातानं दाबून सांगतलं डॉक्टरनं, खुबा दुखून राह्यला म्हून."

म्हणजे नेलंच आंजीला. मला न विचारता! माझी कुत्री. उपचार चालू असलेली.

त्यांनी मला का विचारावं? — हो, माहीत आहे. मीही विचारलं नव्हतं. पण मी आधी नेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे पाहिलं ते लिहू की नको, असं दिवसभर चाललं होतं.

संध्याकाळी फाटकाला कडी लावायला गेले. जाळीला मधुमालतीचा वेल दाट झालाय, पलीकडून मी दिसत नाही. शकुंतलाबाई पायरीवर बसल्या होत्या. पर्ल समोर. भाताचा घास केला, त्यात गोळी दाबली, "खा व माये, खा," म्हणत भरवला. पाकीट पायरीवर ठेवलेलं. चंदेरी, कडेला निळी पट्टी. तसंच माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. चष्मा होता डोळ्यांवर. नाव वाचता आलं.

तीच गोळी.

सकाळी मी एक देते. संध्याकाळी त्या एक.

आत आले. चहा टाकला. सांगायचं म्हणजे आधी मी बोलायचं. मी बोलले की म्हणतील, आला मॅडमचा तोरा खाली. आणि त्यांच्या डॉक्टरने तीच गोळी लिहिली म्हटल्यावर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतील — तेच औषध, दहा रुपयात. मॅडमनं तीन हजार मोजले.

बरं, मी माझी बंद करू? मी का करायची? पूर्ण तपासणी मी केली, रक्त मी दिलं तपासायला. थांबायचं तर त्यांनी थांबावं.

एखाद-दोन दिवसांनी काय होतंय. पर्ल चांगली तीस किलोची आहे.

१२ नोव्हेंबर

सकाळची गोळी दिली.

१३ नोव्हेंबर

दिली. शकुंतलाबाई नळावर भेटल्या. मी "अहो" म्हणायला तोंड उघडलं होतं. त्या शेजारणीला म्हणाल्या, "काही लोकायले जनावराच्या तब्येतीपेक्षा पावतीची पडली राह्यते." मी तोंड मिटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पर्लने दूधपोळी अर्धी टाकली. हवा बदललीय, थंडी पडायला लागली. त्यानेही असेल.

गोळी उरलेल्या पोळीत दिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोनदा उलटी. डॉ. सुमीत यांना फोन केला, ते लागलेच नाहीत. मग कळलं, लग्नाला बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील. मदतनीस म्हणाला, जास्त वाटलं तर नागपूरला न्या.

गोळी दिली नाही. आज प्रथमच. संध्याकाळी पलीकडून "खा व माये" ऐकू आलं. खिडकी लावून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी सात.

सकाळी पर्ल दोन फाटकांच्या मधोमध आडवी पडलेली. शी डांबरासारखी काळी. हिरड्या पांढऱ्या. हाक मारली तर शेपटीचं टोक हललं, डोकं उचललं नाही.

दवाखाना बंद. नागपूरला जायला गाडी विचारली. दोघांनी कुत्रं म्हटल्यावर नाही सांगितलं. उरलं आंजी. आंजीच्या डॉक्टरांचा फोन नंबर होता फक्त एका घरात.

मी किती वेळ व्हरांड्यात उभी होते? नऊला पाहिलं तिला. शकुंतलाबाईंच्या दारात गेले तेव्हा त्यांच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. जवळजवळ दोन तास. तेवढ्या वेळात मी पर्लच्या अंगावर शाल घातली, पाणी पाजायला बघितलं, तिला सॉरी म्हटलं. फक्त वीस पावलं चालले नाही.

शकुंतलाबाई देवपूजा करत होत्या, मागच्या खोलीत. त्यांना काही माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "पर्ल जाते आहे." त्या तशाच उठल्या, तोंडात स्तोत्र अर्धं. मला एक शब्द विचारला नाही. बबनरावांना ओरडल्या, "गाडी काढा! पोते फेका खाली!" मग फोनवर — "डाक्टरसाहेब, रईवार हाये ठाऊक हाये मले. या तुमी. पाया पडतो तुमच्या."

गाडीच्या मागे आम्ही दोघी, मधे पर्ल. डोकं त्यांच्या मांडीवर, मागचे पाय माझ्या.

आंजीचे डॉ. ढोबळे बनियनवर आले होते. पन्नाशी उलटलेले, जाड बोटांचे. जिथे बैल बांधतात त्या खोड्याच्या पाइपला त्यांनी सलाईनची बाटली अडकवली आणि खाली पोत्यावर पर्लला निजवलं. पहिल्या खेपेत शीर सापडली. मी मान वळवली होती.

"पोटात रक्त चाल्लं," म्हणाले. "गोळ्या कश्या दिल्या?"

"रोज एक, तुमी सांगतल्यावानी," शकुंतलाबाई.

"एकीनं असं होत नाई. अजून कोणी?"

मी म्हटलं, मी. सकाळी. डॉ. सुमीत यांनी दिलेली. तीच.

त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "शेजारी राह्यता ना? भिंतीले भिंत? कुत्री एक अन् मालकिणी दोन, अन् दोघीयचं तोंड शिवलं? बैल बरा बाप्पा, त्याले एकच धनी राह्यते." मग हळू आवाजात, मला — "तुम्हाला माहीत होतं का ह्या देतात म्हणून?"

माझ्याशी मुद्दाम शुद्ध बोलले.

मी म्हटलं, नाही.

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि तिथेच शेणाच्या फरशीवर खाली बसल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा आंजी. पर्लला काल तिथेच ठेवलं होतं. दोन बाटल्या. पर्ल डोळे उघडते, मिटते. डॉक्टर म्हणाले, बुधवारपर्यंत काही सांगत नाही.

बाटल्या आणि इंजेक्शनं मेडिकलमधून आणायची होती. मी पाकीट काढलं तर शकुंतलाबाईंनी आधीच पैसे दिले होते. अर्धे पुढे केले, घेतले नाहीत. मी त्यांच्या पिशवीत कोंबले, त्यांनी परत माझ्या. गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी नोटा खाली पडल्या.

डॉ. सुमीत यांचा दुपारी फोन आला. सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. आंजीचे डॉक्टर करतायत ते अगदी योग्य आहे, म्हणाले, तिथेच ठेवा. इतके पैसे घेतले तर निदान रागवायचं तरी.

१८ नोव्हेंबर

तसंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उठून बसली! शकुंतलाबाईंनी भाताची पेज नेली होती, मी दूध. दोन्हीकडे नाक नेलं आणि पेज चाटली. मला राग आला. एवढं सगळं होऊनही आला! मग लाज वाटली, पण राग आधी आला.

परतीच्या वाटेवर शकुंतलाबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "मी संध्याकायी देत होती ना, ताई, तवा उपाशी नसे ते. पोटभर भात चारून देत होती. तरी असं काऊन झालं असंन?" मी बाहेर बघत होते. शेतात बायका कापूस वेचत होत्या.

ताई म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पर्ल घरी आली. सलाईन बंद. महिनाभर सांभाळायचं, दुखण्याची गोळी आता कधीच नाही, खुबा शेकायचा. दुखतं तिचं. सहन करते.

माझ्या व्हरांड्यात गादी घातलीय. पलीकडून कुणी हाक मारली नाही. संध्याकाळचा भातही आला नाही.

आज ठरवलं, उद्या सांगायचं. अकरा तारखेला मी वेलामागे उभी होते हे. शाळेत दर शुक्रवारी ख्रिश्चन मुली चॅपलमध्ये जायच्या, जाळीपलीकडच्या फादरना आपल्या सगळ्या चुका सांगून यायच्या आणि येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असायचे. आम्हा हिंदू मुलींना ते नव्हतं. मला फार हेवा वाटायचा.

२२ नोव्हेंबर

दुकानात गर्दी होती. गेले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शकुंतलाबाई स्वतः आल्या. हातात पर्लचं भाताचं ताट, तिचं निजायचं पोतं, घासून धुतलेलं. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुमी बरोबर डॉक्टर पाह्यला होता. मीच इरेले पेटून आंजीले नेलं. माह्या हातानं लेकरू मरत होतं. आता मले माह्या हाताचा भरोसा नाई, ताई. आजपासून ते तुमचीच. पर्लच म्हनीन मी बी."

मी बोलायला तोंड उघडलं.

मग ताट घेतलं.