सोया मला सोसत नाही

३ मार्च २०१४, सोमवार
सिंगापूरच्या पाया लेबार भागात, ऑफिसशेजारच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर, तळलेला टोफू. दोन प्लेट. दुपारच्या मीटिंगमध्ये पोट टम्म. गूगलवर निदान केलं: सोयाबीन अ‍ॅलर्जी. डॉक्टर फक्त शिक्कामोर्तबाला.

४ मार्च
आजपासून घरात सोया बंद. बायकोला नियम समजावले. प्रणिता म्हणाली, सोया मिल्कने माझेच ओठ खाजतात, अंगावर गांधी उठतात, वर्षभर सांगतेय. म्हटलं, हा आपल्या सेंगकांगचा उकाडा. अ‍ॅलर्जीला प्रकृती नाजूक लागते. लेक अदिती इथल्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, यू एट टू प्लेट्स लाह. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
टीम लंचचं हॉटेल बदलायला लावलं. शेजारच्या डेस्कवरचा शैलेंद्र म्हणाला, सकाळी तू खाल्लेल्या बिस्किटांत सोया होतं, तेव्हा काही झालं नाही ते. हा पहिल्यापासून माझ्यावर जळतो.

११ मार्च, सकाळी
रक्त तपासणी. प्रणिता सोबतीला. सोया मिल्कचा शेवटचा डबा वाया जाऊ नये म्हणून निघताना तिला संपवायला लावला.

दुपारी
सुईला मी घाबरत नाही. क्लिनिकचा एसी मंद होता म्हणून किंचित आडवा झालो. डोळे उघडले तर डॉक्टरीणबाई माझ्याऐवजी प्रणिताला तपासत होत्या. हातभर गांधी, ओठ सुजलेले. तिला गोळी दिली, तासभर बसवून ठेवलं, तिचंही रक्त घेतलं. पेशंट मी होतो.

१८ मार्च
रिपोर्ट. सोया: मी निगेटिव्ह, प्रणिता पॉझिटिव्ह. लॅबने नळ्या बदलल्या असणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या रिपोर्टवर ठरत नाही, पण हिची लक्षणंही जुळतात. घसा सुजला असता तर जिवावर बेतलं असतं. तिला स्पेशालिस्टकडे पाठवलं, झटका आला तर लगेच टोचायचं इंजेक्शनचं पेन कायम जवळ ठेवायला सांगितलं. मला सांगितलं, कमी खा.
घरी जाताना एलआरटी ट्रेनमध्ये प्रणिताने विचारलं, मी सांगत होते तेव्हा का ऐकलं नाहीस. उत्तर तयार होतं. तेवढ्यात स्टेशन आलं.

२२ मार्च, शनिवार
बाहेर टोफू खाऊन पाहिला. एकच प्लेट. काही झालं नाही.
दारातच अदितीने अडवलं. म्हणाली, आधी हात धुवा, चूळ भरा, मग आईजवळ जा. दोघी टेबलाशी बसून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत होत्या. म्हटलं, या विषयातलं काही अडलं तर मला विचारा.
अदितीने वर न पाहता बेसिनकडे बोट दाखवलं.
हात धुतले. साबण लावून.