आडनाव बिनधास्त सांगता येतं?

१२ सप्टेंबर, शुक्रवार
जमलं! आमच्या ग्रुपच्या पहिल्याच चर्चेला पंचवीस जण. धुळ्याच्या या कॉलेजात असं कधी झालं नव्हतं म्हणे. मैदानावर सगळ्यांना एका रेघेत उभं केलं. प्रश्न मी वाचले. उत्तर ‘हो’ असेल त्यानं एक पाऊल पुढे यायचं. घरात अभ्यासाला वेगळी खोली होती? कुणी जात विचारेल अशी भीती कधी वाटली नाही? खोली भाड्यानं घेताना आडनाव बिनधास्त सांगता आलं?

मीही वाचता वाचता पुढे जात होते. शेवटी मागे पाहिलं तर रेघेवर एकटा कुंदन. म्हणाला, “मी आडनाव सांगितलंच नाही. मालकीणबाईंना वाटतं, मी त्यांच्यातलाच.”

आमचा नियमच आहे — इथलं बोलणं इथंच राहील.

पुनमनं माझ्या फोनवर व्हिडिओ काढला होता. त्यातले तीस सेकंद मी स्टेटसला टाकलेत. इतकं छान झालं ना!

१३ सप्टेंबर
स्टेटस काढून टाकलं. नियम आठवला. पण तोवर एकशे बारा जणांनी पाहिलं होतं — सगळे गावाकडचे, नात्यातले; ग्रुपमधलं कुणीच नाही.

दुपारी भडगावहून माझ्या थोरल्या भावाचा, अमृतभाऊचा फोन. वाटलं, असल्या चर्चेत गेले म्हणून रागावेल. उलट हसला. “भारी बोलना तो पोऱ्या. कोठे ऱ्हास? आमना एकले तठे खोली पाहिजे शे.” त्यांच्यातल्या एकाला तिथे खोली हवी म्हणे. मी सांगून टाकलं — कुंदन देवपुरात राहतो, मंजुळाबाईंकडे.

१५ सप्टेंबर, सोमवार
कुंदनची गादी, पुस्तकं, स्टोव्ह — सगळं अंगणात काढलेलं. खोलीला कुलूप. मंजुळाबाई रडत होत्या म्हणे. “माले आधी सांगता नही उनं तुले? मना हातनं जेवना तू!” दोन वर्षं त्याला आजारपणात पेज करून देणारी बाई!

“त्यांना कळलं कसं?” कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं.

“त्यांच्या मुलाच्या फोनवर व्हिडिओ आला. घरी दोन माणसंही येऊन गेली. भडगावकडची,” कुंदनचा मित्र म्हणाला.

सगळ्यांनी पुनमकडे पाहिलं. ती पांढरी पडली.

मी चहा पीत राहिले.

१६ सप्टेंबर
पुनमला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी होस्टेलवर माझ्या खोलीत आली. दारातच उभी. “मोहिनी, फोन तुझा होता ना गं?”

डोकं दुखतंय म्हणाले. गेली.

१७ सप्टेंबर
कुंदन आता मित्राकडे राहतो. तिथेही त्याची चौकशी झाली. नाव घेऊन. ग्रुपचे सर म्हणतात, या शुक्रवारी चर्चा राहू द्या. कुंदन म्हणतो, “मी येणारच. आता लपवायला राहिलंय काय?”

तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलतो — ते जास्त सहन होत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
भाऊला फोन केला. “तूच माणसं पाठवलीस ना?”

“पत्ता तर तूच दिधा.”

मागे मोटारसायकल सुरू असल्याचा आवाज. मग हळूच म्हणाला, “मोहिनी, उद्या तठे जाऊ नको.”

“उद्या काय आहे?”

ठेवला.

लगेच कुंदनला सांगितलं — सगळंच. व्हिडिओ, पत्ता, भाऊ, त्यानं दिलेला उद्याचा इशारा. तो एवढंच म्हणाला, “हे पुनमला सांगितलंस?”

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सर नको म्हणाले तरी सगळे जमले. चर्चेत सगळ्यांसमोर कबूल केलं. पुनम रडली. मी बोलत असतानाच फाटकातून गाड्या आत आल्या —

कुंदन सिव्हिलमध्ये आहे. शुद्धीवर आहे. मी पोलीस ठाण्याच्या बाकावर लिहितेय. फौजदारांनी विचारलं, मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता का. हो म्हटलं. नाव सांगितलं — अमृत.

“आडनाव?”

“माझंच.”