टाचेपासून गुडघ्यापर्यंत

सर, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. वर्षभर रोज समोर होतात, आणि पुढं मी त्याच आयटीआयत शिकवायला आले तोवर तुम्ही गेला होतात. त्याला आता तेरा वर्षं होतील. तुमच्या मागं वेल्डिंगच्या सेक्शनला नवा रंग लागला, छताचे पत्रे बदलले, पंखे आले. रॉडची आणि प्लेटची मारामार मात्र तुम्ही ठेवून गेलात तशीच आहे. सरकारी संस्था म्हटलं की लोकांना वाटतं, सगळं वरून येत असेल. येतं हो, पण बॅच बाहेर पडता पडता येतं. तोवर पोरांनी काय हवेत वेल्डिंग करायचं? हे तुम्ही बोलायचात आणि मी मागच्या बाकावर हसायचे. आता मीच बोलते आणि माझ्या पोरी हसतात.

आमच्या घरी तुम्ही आलात तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. तळवड्यातलं आमचं घर. शेत कंपन्यांच्या शेडखाली गेलेलं, वडील कामगारांना खोल्या भाड्यानं द्यायचे. मी वेल्डरला नाव घातलं हे कळल्यावर त्यांनी माझं संस्थेत जाणंच बंद केलं होतं. आठवड्यानं तुम्ही दारात उभे, ती धूर सोडणारी मोपेड लावून. आईनं स्वयंपाकघरातच पाट टाकून तुम्हाला बसवलं, कारण बाहेरच्या खोलीत भाडेकरूंची पंचायत भरलेली. वडील म्हणाले, "मास्तर, उद्या पोरीच्या डोळ्याला काय झालं म्हंजी? न्हाई जमायचं." तुम्ही वाद घातलाच नाहीत. चहा संपवलात, उठलात, आणि महिन्यापूर्वी बसवलेल्या आमच्या नव्या लोखंडी फाटकाशी जाऊन त्याची बिजागरी नुसती दाबलीत. ती कटकन तुटून तुमच्या हातात आली. मग तुमच्या त्या लातूरकडच्या बोलीत वडिलांना विचारलंत, "हे काम पुरुषानंच केलंय नव्हं?" माझे वडील हसण्यातले नव्हते. त्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी मी सेक्शनमध्ये होते, आणि महिनाभरानं ती बिजागरी मीच जोडली. ती अजून आहे.

तुमची शिकवण्याची रीत तेव्हा आम्हाला चक्रमपणाची वाटायची. बाकीच्या ठिकाणी पोरं प्लेटला प्लेट जोडतात, निदेशक ती शिकंज्यात धरून मोडून बघतात आणि दोन्ही तुकडे भंगारात जातात. तुम्हाला ते बघवायचं नाही. हातातला रॉड दोन बोटं उरेपर्यंत जाळायला लावायचात, आणि वर म्हणायचात, जो जोड भंगारात जाणार आहे तो कोण जीव लावून मारील? म्हणून शनिवारी तुम्ही चाकणच्या बाजूला कंपन्यांच्या फाटकांवर उभे राहायचात. हातात संस्थेचं पत्र, चौकटीच्या पाइपचे उरलेले तुकडे द्या म्हणून. वॉचमन तासतासभर बसवून ठेवायचे. कुणी देई, कुणी हात वर करी. मिळालेला पाइप मोपेडला बांधून तुम्ही परत यायचात तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस शिडी घेऊन पळतोय. त्या तुकड्यांतून रविवारी आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी बेंच करायचो. ज्याला यायचंय त्यानं यावं, मार्क मिळणार नाहीत, सर्टिफिकेट नाही, चहा मात्र आहे, असं तुम्ही फळ्यावर लिहिलं होतंत. तुम्ही स्वतः तासिकेवर होतात. शिकवाल तेवढ्या तासांचा पगार, सुट्टीचा नाही, आजारपणाचा नाही, रविवारचा तर नाहीच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सरांना घरी करमत नसेल.

हातमोज्यांचंही सांगते. सेक्शनमधले सगळे हातमोजे पुरुषांच्या मापाचे, माझी बोटं आत पोहत राहायची आणि रॉड धरायचा होल्डर सटकायचा. मी तक्रार केली नव्हती. मुलगी म्हणून आधीच सगळे माझ्याकडे बघत असायचे, त्यात आणखी लाड नकोत. एका सोमवारी तुम्ही माझ्यापुढं एक जोडी टाकलीत. चिंचवड स्टेशनसमोर बॅगा दुरुस्त करणारे चाचा होते, त्यांच्याकडून जुने मोजे उसवून लहान करून आणले होतेत. माझा हात न मोजता तुम्हाला माप कसं कळलं, असं मी विचारलं. म्हणालात, तुझ्या हाताचा काळा छाप रोज टेबलावर पडायलाय, तोच कागदावर उतरवून नेला. सर, माझ्या लग्नातसुद्धा कुणी इतकं नेमकं काही दिलं नाही.

आणि मग ती शाळा. चाकणच्या पुढं, खेडच्या अंगाला, दोन खोल्यांची. पहिली-दुसरीची पोरं बसकरपट्टीवर बसायची. आम्ही पाच जणांनी चार रविवार खपून बारा बेंच केले. तुम्ही पाइप गोळा करण्यात गुंतलेले, म्हणून मापं काढायचं काम माझ्याकडे सोपवलेलं. मी माप घेतलं आमच्या थिअरीच्या वर्गातल्या बेंचचं. झाला की नाही शहाणपणा! बेंच अगदी गुण्यात, काटकोनाला काटकोन, कोपऱ्यापासून कोपरा मोजला तर मिलिमीटरचा फरक नाही, जोड बघून कुणी म्हणालं नसतं की शिकाऊ पोरांनी मारलेत. टेम्पोतून उतरवले, बाईंनी नारळ फोडला, पोरं धावत येऊन चढून बसली. बसली कसली, टांगली गेली. पाय अधांतरी, हनुवटी पुढं जोडलेल्या डेस्कला टेकलेली. बाई बिचाऱ्या भल्या, म्हणाल्या, राहू द्या हो, होतील मोठी. मी तुमच्याकडे बघतेय आणि तुम्ही पहिल्या बेंचवरच्या एका पोरीच्या लोंबकळणाऱ्या पायांकडे.

"मोजलंस कुणाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, सर, डायगोनल तपासा, काटेकोर आहे. तुम्ही म्हणालात, "ते बेंचाचं झालं. लेकराला कोण मोजणार?" चारचौघांत बोललात, म्हणून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार रविवार, भाजलेली मनगटं, घरी रोजची बोलणी. मी फटकन बोलून गेले, फुकटचं काम आहे सर, फुकटात एवढंच होतं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हळूच म्हणालात, "फुकट आपण द्यायलोय. म्हणून त्यांनी पाय लोंबकळत बसायचं काय?"

तुम्ही खिशातून टेप काढून माझ्या हातात दिलीत. मी जमिनीवर बसले आणि एकेका पोराला टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजत गेले. त्यांना गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती, आणि मी रडायच्या बेतात. एका पोराच्या गुडघ्यावर खपली होती, त्यानं ती मला कौतुकानं दाखवली, कुठं पडला तेही सांगितलं. बाराच्या बारा बेंच परत टेम्पोत चढले. पुढचे दोन रविवार पाय कापणं, डेस्क खाली घेणं, टोकं घासणं, नवी टोपणं बसवणं. या वेळी बेंच दोन उंचीचे झाले, पहिलीचे वेगळे, दुसरीचे वेगळे. पोचवले त्या दिवशी सगळ्यांची पावलं फरशीला टेकली आणि वर्ग एकाएकी शांत झाला. ती शांतता ऐकून मी ठरवलं की शिकवायचं, आणि तुमच्यासारखं शिकवायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला असलं काही सांगितलं की तुम्ही लगेच ग्राइंडर चालू करायचात.

आता माझं ऐका. मी कायम झाले, तुमच्या नशिबी नव्हतं ते मला मिळालं. रविवारचं काम मी सोडलं नाही. यंदा बॅचमध्ये सात मुली आहेत आणि सातही रविवारी येतात, मुलं येतात ती वेगळी. पण चाकणच्या फाटकांवर आता कुणी उभं करत नाही. उरलेल्या पाइपचासुद्धा भंगारवाल्याशी करार असतो, तुकडा बाहेर जायचा तर मेल करा म्हणतात. मागच्या वर्षी प्राचार्यांनी सरळ सांगितलं, मॅडम, तुमची हौस आहे ती करा, पण संस्थेचा एक रॉड त्यात जाता कामा नये, परीक्षेलाच पुरत नाहीत. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पाच महिने रविवार बंद राहिले. मुली येऊन विचारायच्या आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. पोरी शिकतील, पास होतील, कंपनीत लागतील. पण आपण मारलेल्या जोडावर कुणीतरी बसतं, हे त्यांना कळायचं राहून जाईल, हाच विचार मला खायला उठायचा.

मग एका कंपनीच्या सामाजिक निधीसाठी अर्ज केला. त्यांचा अधिकारी हिंजवडीहून आला, ट्रॅफिकनं पिचलेला, तिशीचा, स्वभावानं चांगला. म्हणाला, मॅडम, एकाच ड्रॉइंगचे बेंच करू, स्वस्त पडतील आणि संख्या मोठी दिसेल. सर, त्या क्षणी मी जी काही भांडले ना! उंची तीन लागतील, आधी शाळेत जाऊन पोरं मोजायची, मगच पाइप कापायचा, नाहीतर तुमचा निधी तुम्हाला लखलाभ. त्याला मी आम्ही एका बालवाडीसाठी केलेल्या बेंचवर अर्धा तास बसवलं. उठताना गुडघे धरून म्हणाला, ठीक आहे, तीन. तेवढं मी राखलं. तुम्ही असता तर पाठ थोपटली नसती, पण चहा सांगितला असता.

अर्जात एक रकाना होता, उपक्रमाची मूळ संकल्पना कोणाची. मी तुमचं नाव लिहिलं. ऑफिसातल्या क्लार्कनं कागद परत केला. म्हणाला, मॅडम, यांचं नाव कुठल्याच रेकॉर्डला नाही, तासिकेवाल्यांची फाइल ठेवत नाहीत, त्यात ते हयातही नाहीत. कंपनीकडून उलट विचारणा येईल आणि अर्ज तीन महिने लटकेल. सेवेत असलेलं नाव टाका, तुमचंच टाका की. मी तुमचं नाव खोडून माझं लिहिलं. वाईट वाटलं, पण मनाला समजावलं की हा कागदाचा मामला आहे, सरांनीही हेच केलं असतं, पोरींचे रविवार महत्त्वाचे. आणि ते खरंही होतं. निधी मंजूर झाला. नवं मशीन आलं, रॉडची खोकी आली, पाइप आला, मुलींच्या मापाचे हातमोजे आले. मी खोकी उघडताना एकटीच हसत होते.

पहिले बेंच पोचवले त्या दिवशी शाळेच्या पटांगणात छोटासा कार्यक्रम झाला. माझ्या सातही मुली पुढं बसलेल्या. त्या अधिकाऱ्यानं माइक माझ्यापुढं धरला आणि विचारलं, मॅडम, आधी पोरांना मोजायचं, हे तुम्हाला कसं सुचलं? तेव्हा समोर अर्ज नव्हता, क्लार्क नव्हता. पैसे येऊन खर्चही झाले होते. तुमचं नाव घेतलं असतं तर कुणाचं काहीच बिघडलं नसतं. मी म्हणाले, वर्गात लोंबकळणारे पाय बघितले आणि सुचलं. टाळ्या वाजल्या. एका मुलीनं ते वाक्य मोबाइलवर टिपून घेतलं. आणि सर, मला लाज वाटली असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला फार बरं वाटलं.

लाज घरी आल्यावर वाटली. सोमवारी सेक्शनमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या मुलींना सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. त्यानंतर तीन सोमवार गेले. अजून सांगितलेलं नाही.