देवाला जागे ठेवले

केशव माधव पिंपळखुटे, आपले नाव असे संपूर्ण उच्चारण्याचे धाडस मी आपल्या हयातीत केले नसते. आज करतो, कारण ‘अण्णा’ म्हणून लिहायला बसलो तर धाकट्या मुलासारखी स्वतःची सुटका करून घेईन, अशी भीती वाटते. आपणांस जाऊन एकतीस वर्षे झाली. आपली सून गेल्याला येत्या महिन्यात दोन वर्षे होतील. धारच्या आपल्या राममंदिरात मी या दोन वर्षांत जे केले, ते आपल्याशिवाय कोणापुढे कबूल करावे हे मला सुचत नाही.

आपल्या वेळी रात्री साडेआठला शेजारती होत असे. देवाला दुधाचा नैवेद्य दाखवायचा, लहानशा पलंगावर गादी-उशी घालायची, समई शांत करायची आणि दार ओढून घ्यायचे. त्यानंतर पहाटेच्या काकडआरतीपर्यंत मंडपात कोणी मोठ्याने बोलायचेसुद्धा नाही. बोर्डाच्या परीक्षेचे दिवस आहेत. मी मंडपातल्या दिव्याखाली भूगोल घोकत बसलो आहे. आपण सोवळ्यातच बाहेर येता, माझे पुस्तक मिटता आणि आवाज न चढवता म्हणता, “देव निजले आहेत. तुझ्या परीक्षेपायी त्यांनी जागायचे काय?” मी उद्धटपणे विचारतो, “अण्णा, मूर्तीला झोप येते का?” आपण रागावला नाहीत. म्हणालात, “मूर्तीचे मला ठाऊक नाही. पण देवाला निजवले की माणसांना निजावे लागते. त्यासाठी हा खटाटोप.”

घरातही तोच शिरस्ता होता. दिवेलागणीनंतर चहा नाही, जेवण लवकर, दुपारची वामकुक्षी घटकाभर, आणि अंथरुणावर पडल्यावर कसलाही वाद काढायचा नाही. देवासच्या महाविद्यालयात अध्यापक झाल्यावर मी हे सारे सोडून दिले असते, पण आपल्या सुनेने सोडू दिले नाही. मी पडल्या पडल्या प्राचार्यांविषयी तक्रार सुरू केली की ती दिवा मालवून म्हणे, “हे उद्या. प्राचार्य केव्हाचे घोरत असतील.” सेवानिवृत्तीनंतर आम्ही धारला परतलो आणि दीड वर्षात ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी चुलतभावाकडे गेलो. आपल्यानंतर मंदिराची पूजा त्यानेच सांभाळली होती. मी म्हणालो, आता काही वर्षे सेवा मला करू दे. त्याने एकही प्रश्न न विचारता किल्ल्या माझ्या हाती ठेवल्या. पहिला महिना सारे वेळेवर पार पडले. पुढे मी दुपारी मंडपात सतरंजी टाकून तीन-तीन तास झोपू लागलो. सायंकाळी डोके जड होई, म्हणून सहाला चहा, पुन्हा आठला चहा. रात्री अकरानंतर घरी जाऊन जेवण, आणि घरात एखादा आवाज असावा म्हणून टीव्ही चालू ठेवून खुर्चीतच बसणे, हातात मोबाईल, अंगावर दिवसाचेच कपडे. रात्री झोप येईना, तेव्हा डॉक्टरांना मी लक्षणे क्रमवार सांगितली. ते म्हणाले, “सरजी, आप तो नींद को रोज़ भगाते हो, फिर पूछते हो कि आती क्यों नहीं।” मी त्यांना गोळी लिहून देण्याची विनंती केली. त्यांनी दिली नाही.

आणि अण्णा, घरी जाणे टळावे म्हणून मी शेजारती पुढे ढकलीत गेलो. आधी नऊला, मग दहाला, पुढे साडेदहालाही. सकाळी मला जाग येत नसे, तेव्हा तिरला गावचा दूधवाला बंद दाराशी उभा राहून विचारी, “सरजी, भगवान उठे के नहीं?” चुलतभाऊ हसत म्हणाला, “दादा, तुम्ही तर रामजींची नाईट ड्यूटीच लावून दिली!” मी त्याला गंभीरपणे उत्तर दिले की भाविक उशिरा येतात. ते असत्य होते. त्या वेळी मंदिरात एकच व्यक्ती असे. देवाची गादी शिवून देणाऱ्या, समोर राहणाऱ्या मावशी आपणांस आठवत असतील. आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. खांबाला टेकून डुलक्या घेत बसत. मला वाटे, घरी एकट्या आहेत, त्यांनाही बसावेसे वाटत असेल.

गेल्या आठवड्यात शेजारती आटोपून त्या उठल्या आणि पायरीवर कोसळल्या. हात गार, कपाळावर घाम. चुलतभावाची पत्नी धावत साखरेचे पाणी घेऊन आली. त्या थोड्या सावरल्यावर मी विचारले, “मावशी, जेवला नाहीत काय?”

“भिया, देव जागा असताना मी कशी जेवू? तुमच्या अण्णांनीच तो नेम दिला ना. आमचे हे गेले तेव्हा मला नींदच येत नव्हती. अण्णा बोलले, देव निजले की जेवायचं, जेवली की झोपायचं, बस. तेव्हापासून कधी चुकवला नाही.”

“मग मला सांगायचे होते.”

“सांगणार होते हो. पण तुमचं तोंड बघितलं की वाटायचं, बसू दे भियाला थोडं.”

दुसऱ्या दिवशी मी भावाला सांगितले की सेवा तू परत घे. तो म्हणाला, “अरे दादा, वेळेवर करा ना, झालं. किल्ल्या कशाला देता?” मी प्रकृतीचे कारण पुढे केले. स्वतःला मी ओळखतो. आठ दिवस वेळ पाळली असती आणि नवव्या दिवशी पुन्हा ढकलली असती. सेवा म्हणून किल्ल्या मागितल्या तेव्हा मला रिकाम्या घराची भीती वाटत होती, हे त्याला सांगण्याचे धैर्य झाले नाही.

हे पत्र आपल्या पोथीच्या फडक्यात बांधून ठेवणार होतो. भाऊ ती रोज उघडतो, म्हणून तो विचार सोडला. काल साडेआठला माझी शेवटची शेजारती केली. मावशी लगबगीने जेवायला गेल्या. मला मात्र कालही झोप लागली नाही. आरतीची शेवटची ओळ मी मुद्दाम लांबवली होती, हेही लिहून ठेवतो. आरतीनंतर दार लावले, कुलूप घातले आणि किल्ल्या परत केल्या.