गप्प बोटीचा हिरवा ठिपका

सोम., ३ नोव्हें.
सामंत सरांनी आज माझा कोड बंद केला. मासेमारी बोटींवरच्या यंत्रांकडून सतत येणारी माहिती (जागा, वेग, इंजिन) आजवर माझ्या प्रोग्रॅममधून जायची. आता म्हणे पडद्यावर एकेका कामाचे तयार चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे, झालं. "कोड लिहायचे दिवस गेले गो, मानसी." स्वतः जन्मात एक ओळ लिहिली नाही.

मंगळ., ४
चौकोन मांडायचं काम नीलमकडे. कालपर्यंत बिलं करायची. मी 'मदतीला'. तिला मजा येतेय. "ताई, हा बाण इथे लावू?" लाव. कुठेही लाव.

गुरु., ६
चित्र तयार. नकाशावर सगळ्या बोटी हिरव्या. हद्द ओलांडली की लाल. सा. सर फोटो काढत सुटले. मी विचारलं, "आणि बोट गप्प झाली तर?"
"म्हणजे?"
"माहिती आली की चौकोन जागा होतो. आलीच नाही तर त्याला कोण उठवणार? की तेही चित्रच सांगेल?"
सर हसले. "नेटवर्क येतं-जातं. तुझं नेहमीचंच."
माझ्या कोडमध्ये त्यासाठी घड्याळ होतं: ठरावीक वेळात माहिती आली नाही की इशारा. इथे कोणाला सुचलं नाही. पुन्हा बोलले नाही. अशांपुढे किती डोकं...

रवि., ९
सकाळी नीलमचा फोन. तिचा दीर बुरोंडीला असतो, त्याची बोट काल परतलीच नाही. दोघी ऑफिसात धावलो. पडद्यावर बोट हिरवी.
"आहे ना ताई! बघा, हिरवी आहे."
शेवटची नोंद उघडून दाखवली. कालची दुपार. त्यानंतर यंत्राकडून काहीच नाही.
ती जागा हर्णै बंदराला कळवली, तिथून बोटी निघाल्या.

रवि., संध्या.
सापडली. इंजिन बंद, बॅटरी उतरलेली, वाऱ्यावर दक्षिणेला वाहत गेली होती. ओढून आणली. दीर धरून माणसं सगळी धड. नीलम रडली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."
"सांगितलं होतं की. सगळ्यांसमोर."
"सांगितलं नाय. टोमणा मारलात."


सोम., १०
सा. सर: "आपल्याच नकाशावरनं सापडली ना? मग सिस्टिम चालली!" बुधवारी मुंबईचे पाहुणे येणार, नवी सिस्टिम बघायला. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नको, अशी ताकीद. कोडगा माणूस.

मंगळ., ११
वेळ मोजणारा चौकोन त्या चौकोन-बाणांच्या टूलमध्ये आहे. कोपऱ्यात, कोणी बघणार नाही असा. दोघींनी बसून जोडला. ऑफिसातल्या एका यंत्राची वायर काढली, थोड्या वेळात ठिपका लाल. चाललं. टूल तरी भिकारच.
दुपारी सरांनी तो चौकोन काढून टाकायला लावला. "पाहुण्यांपुढे लाल ठिपके? डोकं ठिकाणावर आहे का?" मी तोंडावर म्हटलं, माणसं मरतील. म्हणाले, बुधवारनंतर बघू.
सादरीकरण नीलमनेच करायचं, असा सरांचा हट्ट. कोड न येणारी बाईसुद्धा करते, हे पाहुण्यांना दिसायला हवं. मला वाटलं ती नाही म्हणेल. शांतपणे हो म्हणाली.
जाताना सांगितलं, उद्या दिराला बोलावलंय.
"कशाला गं?"
"बसेल पुढच्या रांगेत. बोट गप्प झाली तर काय, ते पाहुण्यांना तोच सांगेल."