लाल रंग संपला

सोमवार, ३ जून
साहेबांनी शेवटी माझी लायकी ओळखली. आपल्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की ग्राहकाच्या स्क्रीनवर जी सूचना झळकते, तिचे रंग मी ठरवायचे आणि रंगांच्या अर्थांचा चार्ट ग्राहकांना पाठवायचा. निळा म्हणजे सवडीने करा, पिवळा म्हणजे आज करा, लाल म्हणजे आत्ता करा. दुपारपर्यंत उरकेल. मला कायम करायचं की नाही, हे महिनाअखेरीला ठरणार. सासऱ्यांना मी कायम झाल्याचं गेल्या वर्षीच सांगून टाकलंय, तेव्हा आता फक्त कागदोपत्री व्हायचं बाकी.
संकल्प: कोणापुढेही नमायचं नाही.

मंगळवार, ४ जून
बिलिंगच्या मॅडम आल्या. त्यांचं अपडेट बिलावरचा लोगो जरासा डावीकडे सरकवतं. मी निळा दिला होता. म्हणाल्या, निळ्याला कुत्रं विचारत नाही, लाल कर. ठाम नकार दिला. त्यांनी साहेबांचं नाव काढलं. लाल केला. ठाम माणसाने लवचिकही असावं.

गुरुवार, ६ जून
प्रिंटर विभागातले काका म्हणाले, मॅडमना लाल, मग आम्ही काय घोडं मारलं? त्यांनाही लाल. फॉन्टवालाही घेऊन गेला. आता मॅडमची तक्रार, की त्यांचा लाल उठून दिसत नाही. त्यांना गडद लाल दिला. लगेच काका हजर. त्यांना डाळिंबी.

सोमवार, १० जून
घरी बायकोला दाखवलं. म्हणाली, हे सगळं एकच लाल आहे, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. हिला रंगातलं काही कळत नाही. मला झोप नाही. डोळे मिटले तरी लालच दिसतं. ही नोकरी गेली तर सासऱ्यांना तोंड कसं दाखवू?

शुक्रवार, १४ जून
सिक्युरिटीवाला आला. हळूच म्हणाला, हे अपडेट टाकलं नाही तर कोणीही बाहेरून शिरून ग्राहकांची मशीन बंद पाडेल. सगळे लाल तर वाटून झालेले! एखादा परत मागायला मॅडमच्या केबिनपर्यंत गेलो. दाराशी पाणी प्यालो, परत आलो.
मग सुचलं. हिरवा! एवढ्या लालात एकच हिरवा, नजर जाणारच. चार्टमध्ये स्वतः टाईप केलं, ‘हिरवा: सर्वांत मोठा धोका. ताबडतोब निकाली काढा.’

सोमवार, २४ जून
सकाळपासून फोन थांबत नाहीत. ग्राहकांची मशीन बंद. हिरवं दिसलं म्हणे, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटलं. लोगो मात्र सगळ्यांचे सरकलेत. चार्ट वाचायला काय जातं लोकांचं? साहेब ओरडले नाहीत. फक्त चार्ट मागून घेतला आणि दार लावून शांतपणे वाचला. चला, एकाने तरी वाचला.

शुक्रवार, २८ जून, दुपारी
कायम करण्याबाबतची यादी आली! बाकीची नावं काळ्या अक्षरांत, माझं एकट्याचं हिरव्या! काकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बायकोला फोन केला, ती चक्क रडली. सासऱ्यांना रात्री जेवायला बोलावलंय. सिक्युरिटीवाला मात्र खांद्यावर हात ठेवून अभिनंदन न करताच गेला. जळतो.

सायंकाळी
यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे: ‘रंगांचे अर्थ चार्टप्रमाणे.’
सासरे घरून निघालेत.